भांगाचं पाणी

बाळला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट समजेल.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय पंचेचाळीस. फोर्टात एका विमा कंपनीत मोठ्या टेबलाशी बसतो. तिथे त्याला साहेब म्हणतात, घरी मी बाळ म्हणते. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी माझा नवरा गेला आणि मी एक ट्रंक घेऊन अंधेरीला बापाच्या घरी परत आले. मग वडील गेले, आई गेली, बाळचं लग्न झालं, वनमाला आली. चैत्रात तीही गेली. मूलबाळ नव्हतं. घरात उरलो आम्ही दोघं, आणि आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवय तिच्यामार्फत लागलेली. "ताईला विचार, किल्ली कुठेय." "त्याला सांग, डब्याखाली." ती गेल्यावर किल्ली कुठे आहे हे मला ठाऊक असायचं, त्याला हवी असायची, आणि ती डब्याखाली तशीच पडून राहायची.

आम्ही रडलो नाही असं नाही. पहिले तेरा दिवस रीतीप्रमाणे रडलो. पुढे पाहुणे गेले, तेव्हा तेही थांबलं. मी पोळ्या लाटायची, तो खायचा. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं. त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घातलं नाही. तीही खाल्ली.

दिवाळीनंतर तो पाली हिलला एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावाला गेला. ती मंडळी कायमची विलायतेला परत चालली होती. मला धान्यासाठी जाळीचं कपाट हवं होतं. संध्याकाळी दाराशी टांगा थांबला आणि त्यातून कॅनव्हासच्या दोन लांबट पिशव्या उतरल्या.

"कपाट?" मी विचारलं.

"होडी," बाळ म्हणाला.

"पिशवीत?"

"घडीची आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. एका पिशवीतून लाकडी पट्ट्या आणि कड्या निघाल्या, दुसरीतून रबर लावलेलं कापड. अंगणात ती जोडायला त्याला चार तास लागले. तयार झाली ती पंधरा-सोळा फूट लांब, पडवळासारखी निमुळती, मधे एकामागे एक बसायला दोन जागा, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एक लांब वल्हं. बाळ तिच्यात बसला. फणसाखाली, कोरड्या जमिनीवर. दिवेलागण झाली तरी तो बसलेलाच. मी चहा होडीत नेऊन दिला.

आमच्या विहिरीपलीकडे चाळ आहे. तिथे काशीराम राहतो. मालवणकडचा, परळच्या गिरणीत कामाला. तो कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"काय हो सायब, ही होडी काय तुमची? माका वाटला, मालनतायन गोधडी वाळत घातली."

"मासे धरायला जाणार आहे," बाळ म्हणाला.

"पेवाक येता?"

"काय?"

"पेवाक. पव्हाक. पाण्यात हातपाय मारूक."

"नाही."

काशीरामने माझ्याकडे बघितलं. मग होडीकडे. "मगे सायब, मासे तुमका धरतीत."

बाळ हसला नाही. चहाची कपबशी त्याने माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "जागा बघायला हवी. कुठून पाण्यात घालायची ती."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते. उलट मनात म्हटलं, बरं झालं, काहीतरी हवंसं वाटलं. मासे आमच्या घरात सगळ्यांना प्रिय. मी खात नाही, विधवेने खायचे नाहीत ही आईची रीत. पण साफ मी करते, तळते मी, आणि मीठ बरोबर आहे की नाही ते वासावरून सांगते.

मग तीन-चार दिवसांनी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्याने मला हाक मारली. स्टूल घेऊन तो मीटरपाशी उभा होता.

"ताई, इकडे ये. फ्यूज बांधायला शीक."

"तू आहेस ना."

"शीक."

त्याने तार किती घ्यायची, कुठे गुंडाळायची, हात कोरडे कसे हवेत, सगळं दाखवलं. मग माझ्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा मला नीट जमलं तेव्हा म्हणाला, "झालं. आता अडणार नाही तुझं."

मी स्टुलावर उभी होते. खाली त्याच्या डोक्याचा मध्य दिसत होता, केस विरळ झालेला. आता अडणार नाही तुझं. मी ते वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं आणि मला कळलं की माझा भाऊ मासे धरायला चाललेला नाही.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. पाय झोपल्यावर चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटतो, तसं झालं. फक्त एवढं ठरलं की जागा बघायला त्याच्याबरोबर मी जाणार. प्रत्येक जागेला.

विचारून टाकायचं होतं सरळ, असं कुणी म्हणेल. आमच्या घरात सरळ विचारायचं काम वनमालेचं होतं.

पहिल्या रविवारी जुहूला गेलो. पिशव्या घरीच ठेवल्या, नुसती पाहणी. वाळू सपाट, लाटा लहान पण एकामागून एक. त्या होडीला आडवी करून किनाऱ्यावर परत आणून देतील हे मलाही दिसत होतं. मला तेच आवडलं. पण बाळ म्हणाला, "इथून बाहेर पडताच येणार नाही." आणि मला स्वतःचंच ऐकू आलं, "शिवाय माणसं फार. हसतील." 

पुढच्या रविवारी मालाडला उतरून आक्साला गेलो. तिथे माडाखाली एक म्हातारा भंडारी कोयती पाजळत बसला होता. बाळ पाण्याकडे चालू लागला तशी त्याने हाक घातली.

"साहेब, हितं उतरू नका. वरून पाणी गरीब दिसतं. खालची वाळू ओढते."

"ओढते म्हणजे?"

"म्हणजे माणूस जातो."

"कुठे?"

म्हातारा कोयती खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. "कुठे म्हंजे? जातो."

बाळने मान हलवली. गणित सुटल्यावर मुलं हलवतात तशी. सात-आठ महिन्यांत कुठल्याच गोष्टीला त्याने अशी मान हलवली नव्हती. परत येताना टांग्यात तो आपणहून बोलला.

"ही जागा चांगली आहे, ताई."

"सावली नाही," मी म्हटलं.

"होडीत बसून सावली कशाला?"

"मला. मी किनाऱ्यावर थांबणार ना. दोन तास उन्हात बसले की माझं डोकं चढतं, ठाऊक आहे तुला."

  त्यानंतरचा रविवार गोराईचा. बोरीवलीला उतरून, खाडी ओलांडून पलीकडे जायचं ते होडीतून. मी म्हटलं, होडी पाण्यात घालायला होडीत घालून न्यायची, म्हणजे पोळीत पोळी. मार्व्याला म्हटलं, चिखल फार. एका जागेला तर मला काही सुचेना तेव्हा कुत्री आहेत म्हटलं. बाळ प्रत्येक वेळी "बरं" म्हणाला. हट्ट करणारा माणूस बरा असतो हो. हा नुसता बरं म्हणायचा आणि पुढच्या रविवारची गाडी बघायचा.

किती दिवस कुत्री दाखवणार? पौष सरत आला तेव्हा मी ठरवलं की जागा आपणच निवडावी. चाळीत जाऊन काशीरामला गाठलं. तो शेंगा सोलत बसला होता.

"काशीराम, ज्याला पोहता येत नाही त्याने कुठून जावं?"

"घराकडसून बाजाराक जावचा आणि पापलेट इकत घेवचा."

"चेष्टा नको रे."

त्याने माझं तोंड बघितलं आणि शेंगा बाजूला ठेवल्या. "खाडीत, ताय. दर्यात नको. भरती चढता तेवा पाणी खाडीच्या तोंडातसून आत येता, माणसाक गावाकडे हाणता. सुकती लागली का तांच पाणी भायर जाता, माणसाक घेवन. म्हणान भरतीत जावचा आणि सुकतीच्या आधी परत येवचा. इतक्याच."

"आणि भरती कधी, हे कसं कळायचं?"

"तिथी म्हायत आसा मा? तिथीचो पाऊणपट करायचो. अष्टमी तर आठाचे पाऊणपट सा. सा वाजता पुरी भरती. पुनव तर सवाअकरा."

मी दुसरीपर्यंत शिकले, पण पावकी, निमकी, पाऊणकी मला झोपेतही येते. आणि तिथी तर काय, उपासतापास करणाऱ्या बाईला तारखेआधी तिथी आठवते. घरी येताना रस्त्यातच मी भरत्या मोजत आले. नव्वं पाऊण पावणेसात. दाही पाऊण साडेसात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा डोकं कशाला तरी उपयोगी पडत होतं.

त्या रविवारी मी बाळला वेसाव्याला नेलं. समुद्राच्या बाजूला नाही, कोळीवाड्याच्या मागच्या अंगाला, खाडीवर. तिथे वाळूची एक अरुंद पट्टी आहे, बोंबील वाळत घालायच्या वलांडी आहेत, आणि पुढे खाडी वळते तिथे तिवरांचं रान. पलीकडचा काठ दिसतो. पाणी ताटातल्या आमटीसारखं. बोंबील उलटत एक कोळीण बसली होती, माझ्याच वयाची. तिचं नाव माणिक, हे तिने न विचारता सांगितलं.

"काय गो बाय, म्हावरा पायजे?"

"नाही. माझा भाऊ होडीतून जाणार आहे. जागा बघतोय."

"कनची होडी?"

मी सांगितली. घडीची, कापडाची. तिने हातातला बोंबील खाली टाकला आणि पोट धरून हसली. "कापडाची! न् फाटली त काय, टाके घालतंस?" मग डोळे पुसून बाळला म्हणाली, "ऐक भावा. उधानान येव नको. आवसेपुनवेला हितं पानी घोड्यावानी धावतं. भांगान ये."

"कशात?" बाळने विचारलं.

"भांगान. भांग. भांगाचं पानी ठावं नाय?"

बाळ तिच्याकडे बघत राहिला. मीही.

"अष्टमीपासून एकादशी-बारसेपावत," ती म्हणाली. "चांद अर्धामुर्धा असतो ना, तवा. पानी जास्त चढत नाय, जास्त उतरत नाय. निसतं हाय म्हनून हाय. त्याला भांग म्हंतात. तुमच्यात काय म्हंतात?"

आमच्यात भांग म्हणजे केसांचा. वनमालेचे सांधे शेवटची दोन वर्षं धरले होते. हात खांद्याच्या वर जात नसत. वेणी मी घालायची, पण भांग बाळ काढायचा, ऑफिसला जायच्या आधी, कोट घालून. तिच्या मागे पाटावर बसून, जीभ दातांत धरून, फणीच्या टोकाने. दोन वर्षांत एकदाही सरळ आला नाही. मी नीट करायला गेले की ती डोकं बाजूला घ्यायची. "राहू द्या, वन्सं. साहेबांनी सही केलीय, आता बदल नाही."

माणिकला यातलं काय ठाऊक असणार. ती पुन्हा बोंबील उलटू लागली होती. बाळ पाण्याकडे बघत होता.

"भांगात येऊ," तो म्हणाला. "इथूनच."

इतक्या लगेच तो कबूल झाला याचं मला बरं वाटायला हवं होतं. जागा माझी होती, पाणी माझ्या बाजूचं होतं. पण तो म्हणाला "इथूनच" आणि मी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, एवढंच आठवतं.

घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. माघातला पुढचा मोकळा रविवार भागवत एकादशीचा. सासर सुटलं, नवरा गेला, पण त्यांची भागवत एकादशी तेवढी मी अजून धरते. म्हणजे त्या दिवशी मला उपास, आणि भाऊ मासे धरायला जाणार. वनमालेला हे सांगता आलं असतं तर ती दिवसभर हसली असती.

"अकरा पाऊण सव्वाआठ," मी बाळला सांगितलं. "सव्वाआठला पुरी भरती. मग पाणी फिरतं आणि बाहेर जायला लागतं. तू सातला जा आणि आठला परत ये. आठला, बरं का."

"सव्वाआठला फिरतं?"

"हो. पण तू आठला—"

"सव्वाआठ," तो म्हणाला, आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्या रविवारी पहाटे अंधारातच टांगा केला. होडी जोडायला आता त्याला तासभर पुरे होत होता. वल्हं, गळाची दोरी, आमिषाला डबीत करंदी, आणि नांगर म्हणून एक दगड, सुंभाने बांधलेला. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, होडी पाण्यात ढकलली आणि मागच्या जागेवर बसला. पुढची जागा रिकामी. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "टांगेवाल्याला थांबायला सांगितलंयस का?"

"दहाला येईल."

"बरं."

वल्हं मारत तो खाडीच्या मध्यावर गेला आणि दगड सोडला. दोरी ताणली गेली, होडीचं तोंड समुद्राकडे वळलं, आणि ती तशीच थांबली. पाणी तिच्या दोन्ही अंगांनी आत, गावाकडे जात होतं. हे बरोबर होतं. मी माणिकच्या वलांडीखाली बसले. तिने मला चहा देऊ केला. मी म्हटलं, एकादशी आहे. ती म्हणाली, चहाला कसली एकादशी. मी घेतला.

दूरवरून तो लहान दिसत होता. हातात दोरी होती, पण गळ पाण्यात होता की नाही कुणास ठाऊक. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. माझ्याजवळ नव्हतं. मी उन्हावरून वेळ काढत होते, आणि दर थोड्या वेळाने तोही हात वर करून मनगटाकडे बघत होता. आठ झाले असावेत. तो हलला नाही. मी उठून उभी राहिले, हात हलवला. त्याने बघितलं. हात हलवला नाही.

तेव्हा मला माझी चूक समजली. मी त्याला परत यायची वेळ सांगत होते, आणि तो जायची वेळ ऐकत होता.

"भावाला तुज्या मासली लागली वाटतं," माणिक म्हणाली. "उठत नाय."

 घसा होता, आवाज होता, ओरडता आलं असतं. तोंडच उघडलं नाही.

मग त्याने मनगटाकडे एकदा बघितलं, वाकला आणि हातभर हातभर दोरी खेचत दगड वर ओढून घेतला. तो होडीत ठेवला. वल्हं मांडीवर आडवं घेतलं. आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून, ऑफिसात कुणाची वाट बघत बसावं तसा बसून राहिला.

होडी हलली. मी डोळे मिटले असं म्हणवत नाही, कारण मिटले नाहीत. बघत होते. होडी एका अंगाला वळली, जरा थांबल्यासारखी झाली, आणि सरकू लागली. पण समुद्राकडे नाही. आत. आमच्याकडे, आमच्या समोरून, तिवरांच्या दिशेने.

"अगो, यो कई चालला?" माणिक उठली. "ओ साहेब! वल्हव की! पानी चढतंय अजून, चिखलान रुतशील!"

बाळने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो पाण्याकडे बघत होता, मग घड्याळाकडे, मग पुन्हा पाण्याकडे. हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखा. होडी त्याला घेऊन वळणापाशी गेली आणि तिचं नाक तिवरांच्या मुळांत शिरलं.

मी काठाने चालत गेले. पळाले असं लिहायला हवं, पण लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून एकोणपन्नास वर्षांची बाई चिखलातून पळत नाही. मागून माणिक ओरडत होती, "कालवां हायत गो, पाय कापतील!" कापले. टाचेपाशी काहीतरी उलगडल्यासारखं झालं, दुखलं नाही. होडीपाशी पोचले तेव्हा पाणी कमरेला लागत होतं. मी होडीची कड धरली.

बाळ होता तसाच बसला होता.

"सव्वाआठ वाजून गेले, ताई," तो म्हणाला.

"गेले असतील."

"पाणी फिरलं नाही."

"नाही फिरलं."

"तू सव्वाआठ म्हणाली होतीस."

मी पाण्यात उभी राहून विचार केला. काशीरामचा पाऊणपट चुकायचा नाही. माझा पाढा चुकायचा नाही. मग तिथी. आज एकादशी. माझी एकादशी. भागवत. आणि मला कॅलेंडरातला शनिवारचा चौकोन दिसला, ज्याच्याकडे मी गेली तीस वर्षं बघितलं नव्हतं.

"काल स्मार्त होती," मी म्हटलं.

"काय?"

"एकादशी. या खेपेला दोन आल्यात. काल स्मार्त, आज भागवत. खरी एकादशी काल झाली. माझ्या सासरची रीत म्हणून मी आज धरली. चंद्र माझ्या सासरची रीत पाळत नाही."

 त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण तेवढ्यावर थांबला.

"मी दगड उचलला होता," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

"वल्हं मारलं नाही."

"तेही पाहिलं."

"मारावं असं वाटेना. मरायचं वगैरे काही नव्हतं, ताई. नुसतं पाण्यावर सोडलं होतं. नेईल तर नेईल."

वनमाला असती तर या वाक्याला काय म्हणायचं ते तिला कळलं असतं. मला कळलं नाही. तिवरांच्या मुळांत पाणी बुडबुडत होतं. चढण्याचा जोर कमी झाला होता.

"मग फिरतं कधी?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. दहा म्हणाले असते, दुपार म्हणाले असते. पण पाढा चुकीचा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"आज बारस," मी म्हटलं. "बारा पाऊण नऊ."

त्याने घड्याळात बघितलं. मी बघितलं नाही. होडीच्या कडेवर दोन्ही हात टेकले, एक पाय उचलला आणि पुढच्या जागेवर आत पडले. होडी इतकी कलली की पाणी आत आलं. बाळने दोन्ही हातांनी कड धरली.

"काय करतेस! ताई, उलटेल ना!"

"उलटू दे."

"उतर."

"नाही."

"तुला पोहता येत नाही."

"तुला तरी कुठे येतं?"

मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तोंड बघावं लागलं नाही ते बरं झालं. चिखलाने माखलेलं लुगडं मी पायांभोवती गोळा करून घेतलं.  वलांडीपाशी माणिक कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होती.

"नऊला पाच-सात मिनिटं आहेत," तो म्हणाला.

"असू देत."

"सुकती लागली की बाहेर नेईल. दोघांना."

"हो. काशीरामने सांगितलंय मला."

"ताई, मी एकटाच—"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणूनच बसलेय."

 मागून लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज आला. त्याने वल्हं उचललं होतं. पहिला फटका त्याने मारला तो उलट्या बाजूला. होडीचं नाक मुळांत आणखी आत गेलं आणि एक फांदी माझ्या तोंडावर आपटली.

"दुसऱ्या बाजूने मार."

"मला कळतं!"

तो ओरडला. चैत्रापासून या माणसाने घरात आवाज चढवला नव्हता. वल्हं मुळावर टेकवून त्याने होडी मागे रेटली, ती एकदम सुटली, अर्धी गोल फिरली.

"काय अवस्था केलीस बघ. चिखल केवढा आत आणलास! पट्ट्यांत जाऊन बसेल तो. कुजेल सगळं कापड."

"धुईन मी."

"धुशील! खारं पाणी आहे ते. गोड्या पाण्याने धुवावं लागतं, आणि मग सावलीत वाळवायचं, उन्हात नाही."

"सावलीत वाळवीन."

"विचारायचं नाही, सांगायचं नाही, सरळ येऊन बसायचं. एवढं वजन असं एकदम टाकतात का? हलू नकोस. हलू नकोस म्हटलं ना!"

मी हलत नव्हते. तो बडबडत होता आणि बडबडीच्या मधे मधे वल्हं पाण्यात पडत होतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कधी उगाच पाणी उडवून. होडी वेडीवाकडी जात होती, पण वाळूकडे जात होती. पाणी आता कुठेच जात नव्हतं.

खाली बघितलं तर माझ्या पायापाशी साचलेलं पाणी लाल होत चाललं होतं. टाच चांगलीच कापली होती. मी लुगड्याचा घोळ त्याच्यावर ओढून घेतला. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वल्हं थांबवून त्याने बघितलं असतं, आणि नऊ व्हायला आले होते.